उजवीकडचं दार

सकाळीच बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरची केतकी होती, हातात ओल्या शाईचा कागद. "काकू, हे बघा."

उत्तराबाईंनी चष्मा लावला. चित्र त्यांच्याच फरीदाबादच्या सोसायटीचं होतं. मूळ चित्रात शेजारीशेजारी दोन सारखीच बंद दारं होती, डावं शेजारच्या सुधाकररावांचं, उजवं उत्तराबाईंचं. दोन्ही दारांच्या भिंगात बशीएवढा डोळा. समोर गाठोडी घेतलेलं, पाठमोरं अफगाण कुटुंब.

सोसायटीनं त्यांना मे महिन्यात भर दुपारी बाहेर काढलं होतं. त्यांनी या दोन्ही बेल वाजवल्या, पण कुणीच उघडलं नाही. केतकी तेव्हा पुण्याला होती. परतल्यावर तिनं रागानं हे व्यंगचित्र ठशावर कोरलं आणि पहिला छाप दोघा शेजाऱ्यांनाही दाखवला.

आता तो छाप गायब होता आणि केतकीच्या हातातल्या नव्या छापात उजवं दारच नव्हतं. तिथं नुसता पांढरा कागद. दुपारी दिल्लीत कोपर्निकस मार्गावर तिचं प्रदर्शन उघडायचं होतं.

केतकीच्या घराची किल्ली कामवालीसाठी दोन्ही शेजाऱ्यांकडे असे. पुसलेलं दार उत्तराबाईंचं, म्हणून केतकीचा संशय आपल्यावरच आहे, हे त्यांना कळलं. आपलं दार गेल्यावर क्षणभर हायसं वाटलं होतं, याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

"ठसा आण," त्या म्हणाल्या.

लिनोच्या रबरासारख्या मऊ ठशावर डावीकडचं दार खरवडून काढलेलं होतं. उत्तराबाईंना दिवाळी आठवली. केतकीकडून शिकून त्यांनी शुभेच्छापत्रं कोरली होती आणि अक्षरं सगळी उलटी उमटली होती. त्यांनी सुधाकररावांना बोलावलं आणि कागद पाठीमागे धरला.

"केतकीचा ठसा कुणीतरी बिघडवलाय."

"अरेरे. पण माझं एक दार गेलं म्हणून चित्र थोडंच अडतंय, यार?"

"दार गेलं, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

उत्तराबाईंनी कागद पुढे केला. डावं दार जसंच्या तसं होतं, डोळ्यासकट.

"ठशावरचं डावं कागदावर उजवीकडे येतं. मी खरवडलं असतं, तर तुमचं दार गेलं असं तुम्हाला कसं वाटलं असतं? ही उलटापालट ज्याला ठाऊक नव्हती, त्यानं स्वतःचं म्हणून माझं दार पुसलं."

सुधाकरराव पायरीवर बसले. पहिला छाप त्यांच्याच कपाटात होता. "त्या अफगाणांची पोरगी मला काका म्हणायची," ते म्हणाले. "भिंगातून बघत होतो मी. ती हाक मारत होती."

केतकीनं उत्तराबाईंची माफी मागितली. त्यांनी तिला मध्येच थांबवलं. आजवर सगळ्यांना त्यांनी एकच सांगितलं होतं, त्या दुपारी टीव्हीचा आवाज मोठा होता, बेल ऐकूच आली नाही.

"तो पहिला छाप लाव प्रदर्शनात," त्या म्हणाल्या. "आणि माझं दार नव्यानं कोर. डोळाही कोर त्यात. बेल आधी माझीच वाजली होती. मी दारामागे उभी होते."