दोन ठोके

कंडक्टर आणि टेलरबाई यांचा सगळा संसार आता अठ्ठावीस फुटांत मावत होता, आणि त्यातलेही पाच फूट इंजिनाने अडवले होते. तीस वर्षं तो बसमध्ये तिकिटं फाडत उभा राहिला, तीस वर्षं ती मशीनवर वाकून लोकांचे कपडे शिवत बसली. मुलगी लग्न होऊन लांब गेली, घर खायला उठलं, तेव्हा दोघांनी ही जुनी मोटरबोट घेतली आणि नदीवर राहायला आले. नातेवाइकांनी डोक्याला हात लावला. मुलगी रोज फोनवर म्हणे, म्हातारपणी हे काय खूळ, आणि लगेच विचारी, आज कुठपर्यंत पोचलात?

खूळ असेल, पण सुखाचं होतं. सकाळी तो बादली घेऊन डेक धुवायचा, ती शेगडीवर चहा ठेवायची. तीन-चार तास बोट चालवायची, मग एखाद्या धक्क्याला लावायची. बटाटे उकडेपर्यंत ती फाटकं काहीतरी शिवत बसे आणि तो गळ टाकून बसे. मासे त्याला ओळखून होते, त्यामुळे जेवण बटाट्यांवरच भागायचं.

चाक तिच्या हातात असे. “तीस वर्षं ड्रायव्हरच्या मागे उभा राहिलो, आता बायकोच्या पुढे उभा राहतो,” असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. चाक बोटीच्या मागच्या टोकाला, मधे केबिन, आणि केबिनच्या पलीकडे पुढचा डेक. तिथे दोर सांभाळत उभा असलेला नवरा तिला दिसायचा नाही, आणि इंजिन चालू झालं की ऐकूही यायचा नाही.

बोट विकणाऱ्या म्हाताऱ्याने हे आधीच सांगितलं होतं. तो धक्क्यावरच उभा राहिला होता, आत पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं त्याने. किल्ली देताना म्हणाला, “हाक ऐकू जात नाही. लाकडावर ठोकत जा. आम्ही तसंच करायचो.” आणि वळता वळता म्हणाला, “हिला एकटीला मागे टाकू नका कुठे.” नुसती उभी राहिली की बोट कुजते, एवढं या दोघांनाही कळत होतं. त्यांनी माना डोलावल्या.

पहिल्याच महिन्यात कंडक्टर पाय घसरून पाण्यात पडला. टेलरबाई दोन वळणं पुढे गेली, त्याच्याशी बोलत बोलत. उत्तर येत नाही म्हणजे इंजिनापुढे ऐकू येत नसेल, नाहीतर स्वारी रुसली असेल, असं तिला वाटलं. पोहता येत होतं म्हणून निभावलं. त्या दिवशी तिने त्याला टॉवेलने पुसताना इतकं रागावून घेतलं की शेवटी तिलाच रडू आलं. हा माणूस पाठीमागच्या पाण्यात राहून जाईल आणि आपल्याला पत्ताही लागणार नाही, ही भीती तेव्हा तिच्या मनात घर करून बसली.

मग नियम ठरला. ती बोटात शिवणाचं अंगुस्तान घालून चाकाजवळच्या फळीवर दोनदा ठोकणार, तो पुढून दोनदा ठोकून उत्तर देणार. तो ठोकायचा ते तिकिटाच्या जुन्या पंचाने. निवृत्त झाल्यावर एवढी एकच वस्तू त्याने घरी आणली होती.

“दोन म्हणजे काय ते पाठ करून ठेव,” तो म्हणाला होता. “दोन म्हणजे सगळे चढले, कोणी मागे राहिलं नाही, चल. एक म्हणजे थांब. आणि मी डोकी मोजल्याशिवाय दोन देत नाही. तीस वर्षांत एकदाही चुकलो नाही.”

ते खरंच होतं. लग्नाच्या पंगतीत काय, डॉक्टरच्या दवाखान्यात काय, कंडक्टर आत शिरला की आधी मनात डोकी मोजायचा. त्याचा हात आपोआप हिशेबाने चाले.

शरद संपता संपता एका सकाळी नदीवर धुकं उतरलं. एवढं दाट की चाकासमोरची केबिनसुद्धा अर्धीच दिसत होती. पाण्याला ओल्या राखेसारखा वास येत होता. कंडक्टर दोर सोडायला धक्क्यावर उतरला. तिने इंजिन चालू केलं, थोडं थांबली, आणि अंगुस्तानाने दोनदा ठोकलं.

लगेच पुढून दोन ठोके आले.

आज पंच नाही वाटतं, तिच्या मनात आलं. आवाज मऊ होता, ओल्या बोटांनी ठोकल्यासारखा. तिने गिअर टाकला.

बोट हळूहळू निघाली. दर थोड्या वेळाने ती ठोकत होती आणि उत्तर येत होतं. एरवी कंडक्टर तंद्रीत असे, दोन-दोनदा ठोकावं लागे. आज मात्र तिचा हात फळीवरून उठतो न उठतो तोच उत्तर. म्हातारा सुधारला म्हणायचा. तिला बरं वाटलं, ती गुणगुणायलाही लागली.

मग फळीवर ठेवलेला तिचा फोन वाजला. नवऱ्याचाच होता. तिला हसू आलं.

“अहो, दहा पावलांवरून फोन काय करता?”

“दहा पावलं कुठली? अगं मी धक्क्यावर आहे. बादली नळापाशी राहिली होती, ती आणायला गेलो, येऊन बघतो तर तू गायब.”

तिचा हात सवयीने फळीकडे गेला आणि तिने दोनदा ठोकलं. खरं तर तिला ठोकायचं नव्हतं.

पुढून दोन ठोके आले.

“कोण आहे तिथे?” फोनमधून त्याचा आवाज आला. “अगं... तुझ्याबरोबर कोण आहे?”

तिने चाक पूर्ण फिरवलं. बोट वळायला लागली तसा पुढून एकच ठोका पडला. एक म्हणजे थांब. ती थांबली नाही. पुन्हा एक. पुन्हा एक. तिने ओठ घट्ट मिटले आणि परतीच्या सगळ्या वाटेवर फोनमधल्या त्याच्या श्वासाकडे कान लावून राहिली.

धुक्यातून बादली घेतलेला कंडक्टर दिसला तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. तो आधी पुढे जाऊन बघून आला. कोणी नव्हतं.

“दोर तू गुंडाळलास?” त्याने विचारलं.

“मी चाक सोडून कशी जाईन?”

“मी तर नुसता फेकला होता.” त्याने हातातली बादली खाली ठेवली. “गोल गुंडाळून ठेवलाय. नीट.”

दोन दिवस बोट धक्क्यालाच राहिली. विकून टाकू, ती म्हणाली. तिला राहून राहून बोट विकणाऱ्या म्हाताऱ्याचं बोलणं आठवत होतं, हिला एकटीला मागे टाकू नका. हिला म्हणजे नक्की कुणाला?

“आपल्याला काही केलं का कोणी?” कंडक्टर म्हणाला. “ठोक्याला ठोका दिला, एवढंच ना.”

“तुम्ही मागे राहिलात ना.”

शेवटी नियम बदलला. ठोकणं बंद. दोर सोडला की त्याने कडेकडेने मागे यायचं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवायचा. हात पडला की मगच गिअर. लाकडावर कोणीही ठोकेल, पण नवऱ्याचा हात तिला डोळे मिटूनही कळला असता.

हे चांगलं जमलं. उलट जास्तच जमलं, कारण हात ठेवल्यावर तो तिथेच घोटाळायचा आणि चाक कसं धरावं यावर तिला अक्कल शिकवायचा. थंडी आली, ऊन कोवळं झालं. ठोके पुन्हा ऐकू आले नाहीत. बोट विकायचा विषय मागे पडला. मुलीला तिने फोनवर सांगितलं की आम्ही खरंच मजेत आहोत, आणि ते खरंच होतं.

पुन्हा धुकं आलं ते महिन्याभराने, सकाळीच. शेगडीवर चहा होता. कंडक्टर दोर सोडायला पुढे गेला. टेलरबाई इंजिन चालू करून वाट पाहत राहिली. थोड्या वेळाने खांद्यावर हात पडला, नेहमीसारखा, जरा गार. दोराने ओला झाला असणार. तिने मान न वळवता त्यावर गाल टेकवला आणि गिअर टाकला. धक्का मागे सरकला. हात खांद्यावर तसाच होता, आज अक्कल शिकवणं नव्हतं, आणि तिला फार समाधान वाटलं.

तोच समोर केबिनचं दार उघडलं आणि कंडक्टर ट्रे घेऊन बाहेर आला.

“निघालीस पण?” तो म्हणाला. “चहा उतू जात होता म्हणून पुढच्या दाराने आत शिरलो. म्हटलं चहा घेऊनच मागे यावं.”

ट्रेमध्ये तीन कप होते. तिन्ही काठोकाठ भरलेले.

“तिसरा...” तिने पुन्हा कप मोजले. “तिसरा कोणाला?”

त्याने ट्रेकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं, आणि मग तिच्या थोडं मागे.

“मोजूनच ओतला गं,” तो हळूच म्हणाला.

त्याचे दोन्ही हात ट्रेला होते. तिच्या खांद्यावरचा हात अजून तसाच होता.