भाकर शेकेपर्यंत

"हे मानवा," असे शब्द जैनोद्दीनच्या तोंडून बाहेर पडले आणि पडद्याआड बसलेल्या सकिनाबीचे डोळे भरून आले... तो मानव कोण, हे तिला कळलं नव्हतं, पण त्याला हाक मारणारा आपला आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. मुरुमच्या मशिदीला लागून मदरशाची ओसरी होती. तिथं पडदा बांधून बायकांची बसायची सोय केली होती, आणि सकिनाबीनं त्या दिवशी गल्लीतली एकही बाई घरी राहू दिली नव्हती. कुणाची चूल विझवली, कुणाच्या कडेवरचं लेकरू स्वतः उचलून आणलं. आपल्या हातानं वाढवलेला धाकटा भाऊ आज जुम्म्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या, नमाजानंतर चार लोकांत उभा राहून बोलणार होता, तेही शुद्ध मराठीत.

ही शुद्ध मराठी उस्ताद दादामियाँची कल्पना. उस्ताद निजामाच्या अमलात उर्दू शाळेचे मास्तर होते. मराठवाडा आधी हिंदुस्थानात आणि मग महाराष्ट्रात सामील झाला तशी उस्तादांनी मनाशी खूणगाठ बांधली, की शेजाऱ्याला आपला दीन, आपला धर्म, समजावायचा तर शेजाऱ्याच्या भाषेत समजावला पाहिजे, आणि तोंड उघडण्याआधी शेजाऱ्याला आपली वागणूक पटली पाहिजे. म्हणून शाळेतल्या मुसलमान पोरांचा त्यांनी एक जथा जमवला. पोरं मशीद झाडत, हौद भरत, दिलेला शब्द पाळायला शिकत, आणि संध्याकाळी कल्याणप्पाच्या मळ्यात म्हशींसमोर मराठी भाषणांचा सराव करत. म्हशी शांतपणे ऐकत. फक्त जैनोद्दीनच्या भाषणानंतर दूध कमी येतं अशी कल्याणप्पाची तक्रार होती, पण उस्तादांनी ती मनावर घेतली नाही. घ्यायला हवी होती.

कारण त्या दिवशी जैनोद्दीन, एका अल्लाशिवाय माणसानं कुणापुढं झुकू नये, हा विषय फार सुंदर मांडत मांडत नको तिथं पोचला. "आणि परकी उदाहरणं कशाला," तो म्हणाला, "आपल्यातच अशा स्त्रिया आहेत, ज्या बांगड्यांचं टोपलं घेऊन दारोदार फिरतात, खिदळतात, आणि गिऱ्हाईक बाई पाया पडू लागली की खुशाल पाय पुढं करतात..."

मुरुमात बांगड्या भरणारी मणेरीण एकच होती, आणि ती पडद्याआड बसली होती.

गल्लीतल्या बायका इतक्या सभ्य, की त्या सगळ्यांनी एकाच वेळी समोरच्या भिंतीकडं पाहिलं. भिंतीवर पाहण्यासारखं काही नव्हतं. पुरुषांकडून "माशाल्ला" असा आवाज आला. सकिनाबी मांडीवरचं लेकरू थोपटत राहिली... त्या क्षणी तिच्या अंतःकरणात काय काय तुटून पडलं ते त्या लेकराला तेवढं कळलं असावं, कारण ते रडायला लागलं.

आई गेली तेव्हा जैनोद्दीन रांगत होता, आणि बाप गेला तेव्हा तो पहिलीत. तेव्हापासून बापाचं टोपलं सकिनाबीच्या डोक्यावर होतं. वाशीचं एक स्थळ आलं होतं, चांगलं, खात्यापित्या घरचं. मुलाकडचे म्हणाले, भाऊ बी येऊ दे, आमच्या दुकानात पुड्या बांधंल. ती म्हणाली, पुड्या न्हाय, तो शाळेत जाईल. स्थळ गेलं. पुन्हा आलं नाही. याबद्दल तिनं कधी एक सुस्कारासुद्धा टाकला नव्हता. आणि ज्याच्यासाठी हे सारं गिळलं, त्यानंच आज मशिदीच्या अंगणात तिची बांगडी फोडावी...

घरी तिनं त्या दिवशीही त्याच्या आवडीचं आमटीचं वाटण वाटलं. फक्त बोलली नाही. तोही बोलला नाही. खरं बोललो म्हणून आपा रुसली, असा त्याचा तोरा होता. मात्र एका घरात दोन माणसं राहायची म्हणजे बोलावं लागतंच, म्हणून दोघांनी ती जबाबदारी शेळीवर टाकली. शेळीचं नाव काबरी.

"काबरे, सांग की भाकर झाकून ठेवलीय म्हणून."

"काबरे, सांग, भूक न्हाय."

"काबरे, सांग, भूक नसंल तर तीन भाकरी कुणी खाल्ल्या."

काबरी दोघांकडं बघून रवंथ करी. त्या घरात त्या दिवसांत तिच्याइतकं तोलून बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

अशात जळकोटची फेरी ठरली. तिकडच्या कितीतरी घरांत नावापुरतंच मुसलमानपण उरलं होतं, नमाज शिकवणारंही कुणी नव्हतं, आणि गावातल्या इतरांनाही या पोरांचं ऐकायची उत्सुकता होती. फेरीत बोलणार कोण, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. पण उस्तादांचा एक रिवाज होता. पोरगं गावाबाहेर पाठवायच्या आधी ते त्याच्या घरी जात, ओट्यावर बसत, आणि ज्या बाईच्या हातचं ते पोरगं खातं तिला विचारत, बाई, तू याच्यावर राजी आहेस का? याला ते घरची गवाही म्हणत. ती नाही मिळाली तर पोरानं कितीही पाठांतर केलेलं असो, ते मागं राही. जथ्यातल्या चाँदपाशाची आई म्हणाली, "पोरगा गुणी हाय उस्ताद, पन भरलेलं पानी निम्मं आंघोळीलाच सांडतो." चाँदपाशाला उस्तादांनी आठवडाभर आईचं पाणी भरायला लावलं आणि मगच नाव घेतलं.

दुपारी सकिनाबी चुलीपुढं होती तेव्हा ओट्यावर छत्री टेकल्याचा आवाज आला.

"सकिना बेटी," उस्ताद म्हणाले, "जैनोद्दीनसाठी आलोय. राजी हायस का?"

दाराच्या आड जैनोद्दीन उभा होता. आपाच्या जागी मी असतो तर काय सांगितलं असतं, हे त्याला नीट ठाऊक होतं. म्हणून त्यानं जळकोटसाठी बांधायला घेतलेली वळकटी पुन्हा सोडली.

सकिनाबीचं संकट मात्र वेगळंच होतं. ती आजवर खोटं बोलली नव्हती. बांगडीला बारीक तडा असला तर ती गिऱ्हाइकाच्या आधी स्वतः दाखवत असे. 'राजी हाय' म्हणावं तर ते खरं नव्हतं, आणि 'न्हाय' म्हणावं तर त्या पोराचं सगळं शिक्षण, त्या म्हशींपुढच्या संध्याकाळी, तिचं वाशी... सगळं मातीत. दोन्हीकडून अडलेल्या त्या बिचारीला एकच वाट उरली. उस्ताद ओट्यावर बसले आहेत तोवर भावाला खरोखर माफ करून टाकायचं.

"उस्ताद," ती म्हणाली, "तव्यावर भाकर हाय. तेवढी शेकू द्या."

"शेकू दे," उस्ताद म्हणाले. त्यांनी छत्री आडवी ठेवली.

तिनं मन घट्ट केलं आणि माफ करायला सुरुवात केली. पहिल्या खेपेला जमलं नाही. ती भिंत समोर आली. दुसऱ्या खेपेला 'पाय पुढं करतात' हे शब्द कानात घणघणले आणि हातातली भाकर तव्यावर जरा जोरातच आपटली. मग तिला त्या दिवशीची एक क्षुल्लक गोष्ट आठवली. तो तिला चारचौघांत उघडं पाडत होता, ऐन तेव्हाच पडद्याच्या फटीतून तिला त्याच्या बाहीचं तुटलेलं बटण दिसलं होतं, आणि तशाही वेळी तिच्या मनात आलं होतं, की लेकरू लोकांत असं उभं राहिलं, मेली मी का नाही आधी पाहिलं... ते बटण तिनं त्याच संध्याकाळी, काबरीला मध्ये न घालता, लावून टाकलं होतं. म्हणजे माफीला तेव्हाच सुरुवात झाली होती, नुसती गाठ मारायची राहिली होती. तिच्या डोळ्यांतून टपकन एक थेंब तव्यावर पडला आणि चर्र वाजला. वात्सल्याचा पूर आतून असा काही चढला, की राग त्यात कुठं वाहून गेला हे तिला पुढं कधी सांगता आलं नाही.

"राजी हाय उस्ताद," ती म्हणाली.

"दिलापासून?"

"व्हय. आत्ताच झाले."

उस्ताद दाढीत हसले. छत्री उचलली आणि चालते झाले.

दाराआडून जैनोद्दीन पुढं आला. काबरीकडं पाहिलं, मग तिला वगळलं. "आपा, तू खोटं का बोललीस?"

"खोटं न्हाय बोलले. भाकर शेकेपतूर तुला माफ केलं." तिनं काळीठिक्कर भाकर त्याच्यापुढं ठेवली. "वेळ जरा जास्त लागला."

त्यानं ती करपलेली भाकर सगळी खाल्ली. एक तुकडा ठेवला नाही. खाऊन उठला आणि टोपल्याशी जाऊन उभा राहिला. "आज मी घेतो."

"नक्को रे, लोक बघत्याल."

"त्या दिवशी बी बघत होते," जैनोद्दीन म्हणाला आणि त्यानं टोपलं डोक्यावर घेतलं.

गावाच्या कडेला नागूबाईचा मेंढरं कोंडायचा वाडगा होता. मेंढरांचा धंदा आणि तिखट जीभ यांबद्दल ती पंचक्रोशीत प्रसिद्ध. त्या जुम्म्याला मशिदीच्या दगडी गडग्याबाहेर लिंबाखाली बसून तिनंही भाषण ऐकलं होतं. जैनोद्दीनला बघून तिनं कमरेवर हात ठेवले. "या या, मानवा. आज टोपल्याखाली व्हय?"

"नागू, राहू दे की गं," सकिनाबी म्हणाली.

"मी काय म्हनलं? मानवाला मानव म्हनलं."

सकिनाबीनं तिच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या, बोटं दाबत, हलकेच, एकही फुटू न देता. भरून झाल्या तशी नागूबाई रिवाजाप्रमाणं पाया पडायला वाकली. जैनोद्दीननं हे रस्त्यावरून, लांबून, कितीदा पाहिलं होतं: बाई वाकलेली, आपा बसलेली. आज तो टोपल्याशी होता. नागूबाई निम्मी वाकते न वाकते तोच सकिनाबीनं तिची दोन्ही मनगटं वरच्या वर धरली, नव्या बांगड्या किणकिणल्या, आणि ती म्हणाली, "माझ्या न्हाय, बाई. ज्यानं हात दिले त्याला नमस्कार कर. अल्ला तुझा चुडा राखो."

"आन् तुजा भाऊ बी राखो," नागूबाई म्हणाली. "हाय तसाच."

जैनोद्दीन टोपल्याआडून पुढं सरकला. "आपा... हे कवापासून करतीस?"

"पयल्या टोपल्यापासून. बा बी असंच करायचा."

"मग त्या दिवशी सांगितलं का न्हाईस?"

"तू कवा इचारलंस? काबरीला बी इचारलं न्हाईस."

"आरं लेका," नागूबाई म्हणाली, आणि आता तिच्या आवाजात तिखट उरलं नव्हतं, "तुमचा अल्ला आमच्या वाडग्यात हिच्यामुळं ओळखीचा झाला. तू आमाला मानव म्हनून हाका मारतोस. ती नागूबाई म्हनती. माणूस कुनाला ओ देईल?"

इतके दिवस म्हशींपुढं बोलून त्याला वाटत होतं आपल्याला सगळ्याचं उत्तर येतं. त्यानं आपाचे हात आपल्या डोळ्यांना लावले आणि लहान लेकरासारखा हुंदके देऊ लागला. नागूबाईनं शहाणपणानं मेंढरांकडं तोंड फिरवलं, ती मेंढरं जागच्या जागी आहेत की नाही हे तिला अचानक बघावंसं वाटलं.

पुढच्या जुम्म्याला तो त्याच अंगणात, त्याच पायरीवर उभा राहिला. पडदा तोच, पडद्याआड बायका त्याच. सकिनाबी यायला तयार नव्हती, तिला गल्लीनं उचलून आणलं. उस्तादांनी खाकरून पाहिलं. मग तो म्हणाला, "मागं इथंच मी एका बाईबद्दल बोललो. नाव घेतलं न्हाय, म्हंजे ती हिंमत बी नव्हती. आज घेतो. सकिनाबी. माझी आपा. म्या लांबून बघितलं आन् तिला गुन्हेगार केलं. जवळ गेलो तवा दिसलं, की कुनापुढं झुकू नये हे म्या तुमाला भाषणात सांगितलं, आन् तिनं ते दारोदार, एकेका बाईचे हात धरून सांगितलं, आन् एकीचं बी मन मोडलं न्हाय. वाशीचं घर तिनं माझ्यासाठी सोडलं. त्याचं म्या काय केलं ते तुमी ऐकलंय. अल्लाची माफी मागितली. आपानं तर आधीच केलंय. तुमची मागायची राहिलीय, कारन गुन्हा तुमच्यादेखत केलाय."

त्यात एकही अवघड शब्द नव्हता. कल्याणप्पा गडग्यावरून ऐकत होता, तो पुढं सांगायचा की हे भाषण आधी ऐकवलं असतं तर म्हशींनी दुप्पट दूध दिलं असतं. लिंबाखालून नागूबाईचा मोठ्यानं नाक ओढल्याचा आवाज आला. आणि गल्लीतल्या बायकांनी या खेपेला भिंतीकडं पाहिलं नाही. सगळ्यांनी सकिनाबीकडं पाहिलं, उघड, पोटभर, आणि तिनं पदर तोंडावर ओढला तरी पाहतच राहिल्या. कित्येक वर्षं ती बायकांचे हात धरत आली होती. त्या दिवशी त्यांनी तिचे धरले.

"जळकोटला कोण बोलणार, हे आता विचारू नका," उस्ताद म्हणाले. "आत्तापर्यंत याला नुसतं बोलता येत होतं. आजपासून याचं ऐकावंसं वाटेल."

फेरी झाली. जळकोटच्या मशिदीपुढं माणसं मावली नाहीत, लिंगायतांच्या आळीतली म्हातारी माणसंही येऊन बसली. लोकांनी पोरांना एक मुक्काम जास्त ठेवून घेतलं, आणि तिथली काही तरणी पोरं नमाज शिकायला मुरुमला येऊ लागली. उस्ताद हे सांगायला एस.टी.तून उतरून थेट सकिनाबीच्या ओट्यावर आले. "आणि काय बोलला म्हणून विचारशील," ते म्हणाले, "तर निम्मा वेळ तुझंच सांगत होता. दीनाचं मला सांगावं लागलं."

सकिनाबीनं पदरानं डोळे पुसले. दारात जैनोद्दीन उभा होता, वळकटी खांद्यावर, धुळीनं माखलेला, हसत. तिच्या ओठांवर कितीतरी आलं, आणि ती जुन्या सवयीनं काबरीकडं वळली.

"काबरे, याला सांग, हात धू म्हणावं. भाकर तव्यावर हाय."

"काबरे, आपाला सांग," जैनोद्दीन वळकटी खाली ठेवत म्हणाला, "या खेपेला करपू देऊ नको म्हणावं. आता माफ करायचं काय बी उरलं न्हाय."

काबरीनं दोघांकडं पाहिलं, आणि तिचं काम संपलं असं समजून वळकटीची दोरी खायला घेतली.