सहाव्या गणिताचं उत्तर

शनिवारी सकाळी ओल्ड्रॉइडबाई आल्या त्या गिरणीतले लाकडी तळव्यांचे बूट घालूनच. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. त्यांची पंधरा वर्षांची हेस्टर हेदरक्लफच्या मुलींच्या हायस्कूलातून विद्यापीठाच्या परीक्षेला बसली होती. पहिली आली असती तर शिष्यवृत्तीवर कॉलेजात गेली असती. बुधवारी दुपारी तिला चोर ठरवून हाकललं होतं.

“माझी पोर चोर नाही, साहेब,” बाई म्हणाल्या. “एवढं दाखवून द्या. नाहीतर सोमवारपासून तिला माझ्या शेजारी मागावर उभं करायचंय.”

जेबेझ एंटविसल पूर्वी शाळा-तपासनीस होते. अहवालात खरं लिहायच्या खोडीपायी नोकरी गेली, तेव्हापासून खासगी तपास करत. सोबतीला निवृत्त चित्रकला मास्तर पिकर्सगिल. माणूस सज्जन, पण डोकं सावकाश चालायचं, आणि हे त्यांना स्वतःलाही ठाऊक होतं.

पिकर्सगिलना प्रकरण सरळ वाटलं. बुधवारी नऊला अंकगणिताचा पेपर सुरू झाला. मुलींचे कोट बाहेर खुंट्यांवर होते. साडेअकराला हेस्टरच्या कोटाच्या खिशात एक चिठोरं सापडलं. त्यावर दहा गणितांची दहा उत्तरं, नुसते आकडे, सगळी बरोबर. प्रश्नपत्रिकांचं पाकीट आदल्या रात्री मुख्याध्यापिकेच्या कपाटात होतं आणि ती खोली झाडायला हेस्टरच जायची. पाकिटाची लाख जरा तडकलेली होती, असं आता सगळ्यांना आठवू लागलं होतं. पोरीने पेपर चोरला, घरी सोडवला, उत्तरं घोकली, असा निकाल लागला.

दोघे शाळेत गेले. परीक्षेच्या देखरेखीला बाहेरून आलेले पाद्री हेग यांनी सगळं क्रमाने सांगितलं. नऊ ते बारा हॉलमधून एकही मुलगी हलली नव्हती, तेही हलले नव्हते. साडेनऊला रिवाजाप्रमाणे एक जादा प्रश्नपत्रिका शिक्षिकांच्या खोलीत गेली. दहाला विद्यापीठाची तार आली. सहाव्या गणितात छपाईची चूक होती. सतराच्या जागी एकाहत्तर घ्यायचे होते. त्यांनी ती मुलींना वाचून दाखवली.

“तार कोणी दिली?”

“मुख्याध्यापिका थर्केलबाईंनी, दारातून. फोडलेलीच होती. इथे येणारा प्रत्येक कागद आधी त्याच वाचतात. माझ्या बायकोचं पत्रसुद्धा वाचलं त्यांनी.”

गणिताच्या शिक्षिका लंबबाईंचे डोळे रडून सुजले होते. मुख्याध्यापिकेने कोट तपासायला लावले आणि चिठोरं नेमकं यांच्याच हाती लागलं. सकाळभर काय करत होता, असं विचारल्यावर त्यांनी लपवाछपवी केली नाही.

“तीच प्रश्नपत्रिका सोडवत होते. थर्केलबाई दोनदा डोकावून गेल्या. सहावं गणित मात्र भलतंच. छेदात तीन आकडे! परीक्षकांचं डोकं फिरलंय म्हटलं.”

पिकर्सगिलनी एंटविसलांचं कोपर दाबलं. पेपर हिच्याकडे, चिठोरं हिच्या हाती, आणखी काय हवं?

मुख्याध्यापिका थर्केलबाईंनी पाहुण्यांना चहा विचारला नाही, स्वतः मात्र प्यायल्या. हेस्टर खालच्या वर्गातल्या चाळीस मुलींना दोन वर्षं फुकट शिकवत होती, हे त्यांनीच अभिमानाने सांगितलं.

“तिने चोरी करावी याचंच वाईट वाटतं. पेपर सोपा होता. सहावं तर लहान वर्गातली पोरगी तोंडी सोडवेल.”

एंटविसल उठले आणि त्यांनी सगळ्यांना तिथेच बोलावून घेतलं. हेस्टर आईला चिकटून उभी राहिली.

“चिठोऱ्यावर सहाव्याचं उत्तर आहे चोवीस,” ते म्हणाले. “ते एकाहत्तर घेतले तरच येतं. छापील पेपरवरून लंबबाईंना आला तसा अपूर्णांकच येईल. म्हणजे चिठोरं दहाच्या तारेनंतरचं. तेव्हा हेस्टर हॉलमध्ये होती, ती बारापर्यंत. मग आदल्या रात्रीची चोरी कुठली?”

“मग लंबबाई,” पिकर्सगिल म्हणाले.

“त्यांना दुरुस्ती आजही ठाऊक नाही. हेगसाहेबांना होती, पण ते जागचे हलले नाहीत. हॉलबाहेर तार वाचलेलं माणूस एकच. त्यांनाच सहावं सोपं वाटलं, आणि लंबबाईंची प्रश्नपत्रिका दोनदा डोकावून पाहिली तीही त्यांनीच.” ते मुख्याध्यापिकेकडे वळले. “छापील उत्तर लिहिलं असतंत तर पोर सुटली नसती. पण तीस वर्षं वह्या तपासणाऱ्या हाताला चुकीचं उत्तर लिहवेना.”

थर्केलबाईंनी कप खाली ठेवला. “असली पोर हातची जाऊ द्यायची? तिच्या जागी मला दोन पगारी शिक्षिका ठेवाव्या लागल्या असत्या.”

पिकर्सगिल संतापले. इतका संताप त्यांना आयुष्यात आला नव्हता. “विद्यापीठाला कळवू. परीक्षा पुन्हा घ्यावी लागेल त्यांना.”

“नियम वाचा, मास्तर. परीक्षा वर्षातून एकदाच. बुधवार दुपारपासूनचे तिचे सगळे पेपर बुडाले. शिष्यवृत्ती सोळाच्या आतल्यांना, आणि पुढच्या वर्षी ही सोळा ओलांडेल. मला तेवढी बुधवारची दुपार हवी होती. माझ्याबद्दल तक्रार करा खुशाल. नाव बुडेल ते शाळेचं, म्हणून विश्वस्तच ती दाबतील.”

पिकर्सगिलनी एंटविसलांकडे पाहिलं. माजी तपासनिसांना ते नियम तोंडपाठ होते आणि ते खाली बघत होते.

“तुझ्यावरचा डाग गेला, हेस्टर, बरं झालं,” थर्केलबाई म्हणाल्या. “सोमवारी आठला ये. खालच्या वर्गाचे अपूर्णांक राहिलेत. की मागावर जातेस?”

हेस्टरने आईकडे पाहिलं. आईने मान फिरवली.

“येते, बाई,” हेस्टर म्हणाली.