यंत्रावरचा पाय

काळ: हिवाळ्याच्या अखेरचा एक शनिवार, भर दुपार. स्थळ: ब्रेकच्या पॅडची चाचणी घेणाऱ्या प्रयोगशाळेतला नियंत्रण-कक्ष. भुतेखेते हे थोतांड आहे असे ज्यांचे मत असेल, त्यांनी ते खुशाल बाळगावे. घडले ते माझ्या सख्ख्या मामांच्या डोळ्यांदेखत.

मामा तिथले यंत्र चालवीत. संगणकावरून हुकूम सुटला की काचेपलीकडचे अवजड चाक गरगरे, पॅड त्याला करकचून धरी आणि पडद्यावर दाबाची रेषा उमटे. यंत्राचा दाब सदा एकसारखा, पट्टीने आखल्यासारखा.

महिन्यापूर्वी मामांचा मेहुणा उतारावरून ट्रकसकट दरीत गेला. ट्रकचे पॅड इथेच तपासून पास झालेले होते. बड्या साहेबांनी अहवाल दिला: "पॅड निर्दोष. चालकाने ब्रेक दाबलाच नाही."

मामींना घास गिळवेना. "माझा भाऊ काय झोपला होता का हो?"

त्या शनिवारी त्याच बनावटीच्या पॅडची फेरचाचणी होती.

"पंखा चालू ठेवा," साहेब म्हणाले.

"तापल्यावर पॅड धरते की नाही, ते पाहायची चाचणी ही, साहेब. वारा घातला तर पॅड तापणार कसे?"

"मेहुण्याची वकिली घरी करा. इथे बटण दाबा."

मामांनी दात आवळून बटण दाबले.

चाक फिरू लागले...

आणि पंखा थांबला.

कोणी हातही लावला नव्हता.

जळका, उग्र वास सुटला. पडद्यावरची रेषा एकाएकी... थरथरली.

दाब. सोड. दाब. सोड.

मग थेट तळापर्यंत.

यंत्र असे दाबत नाही. असा दाबतो माणसाचा पाय... ब्रेक लागेनासा झाल्यावर.

चाक थांबलेच नाही.

"पुसा ती नोंद!" साहेब पांढरेफटक पडले होते.

"नाही पुसणार."

"मग बसा माझ्या गाडीत. मालकांसमोरच तुमचा निकाल लावतो!"

गाडी साहेबच चालवीत होते. फाटकाबाहेरच्या उतारावर त्यांचा पाय हलू लागला.

दाब. सोड. दाब. सोड.

"लागत नाही हो! दाबतोय मी!"

मागची सीट रिकामी होती. तरी तिकडूनच तो वास आला... जळक्या पॅडचा.

मामा वाचले. साहेब नाहीत.

ती नोंद मालकांपुढे गेली आणि मेहुण्यावरचा बट्टा धुऊन निघाला. मामी त्या दिवशी प्रथमच पोटभर जेवल्या. मामा मात्र अजूनही उतारावर गाडीतून उतरून चालू लागतात.

साहेबांचा पाय तळाला टेकला होता, असे मामांनी अपघाताच्या तपासनिसाला शपथेवर सांगितले होते. तपासनिसाने साहेबांच्या गाडीची चाके उघडली. पॅडवर तापल्याचा मागमूसही नव्हता. हात झटकत तो म्हणाला,

"पॅड निर्दोष. चालकाने ब्रेक दाबलाच नाही."