दहा बोटांत चार माणसं

रॉक बँडची गाणी एकट्या पियानोसाठी उतरवून देणं हा ताईचा धंदा. धाकट्या भावाच्या बँडमधली सगळी पोरं तिला ताई म्हणत, तेव्हा आपणही तेच म्हणू. वाद्यांच्या दुकानात तिची पुस्तकं बऱ्यापैकी खपत. चार जणांनी घातलेला धुडगूस दहा बोटांत बसवायचा म्हणजे दुधाची तहान ताकावर भागवणं, असं म्हणून धाकटा तिला चिडवायचा. "ताक पचतं तरी," असं ती म्हणायची.

तिची पद्धत ठरलेली होती. आधी बेस गिटार, डाव्या हातात. मग साधी गिटार, मधल्या बोटांत. ड्रमचा ठेका जिथे फट सापडेल तिथे. गाणाऱ्याचा आवाज सगळ्यात शेवटी, उजव्या करंगळीला. सगळं कागदावर, पेन्सिलीनं.

धाकटा जाऊन अकरा महिने झाले होते. मोटरसायकलच्या अपघातात त्याच्याबरोबर त्याचा फोनही चुरडला आणि फोनमधली सगळी गाणीही गेली. सरावाच्या खोलीत केलेलं एकच रेकॉर्डिंग मागे उरलं, चार मिनिटं बारा सेकंदांचं. आई रोज दुपारी ते ऐकायची.

"ड्रम फार आदळतात गं त्यात," ती एकदा म्हणाली. "तू वाजव ना ते. हळू."

ताईला नाही म्हणवेना.

सोमवारी सकाळी तिनं बेस उतरवला. मंगळवारी ताडून पाहायला गाणं लावलं, तर त्यात बेस नव्हता. ताई काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नव्हे. तिनं स्पीकर बदलला, वायर बदलली, ड्रमरकडून त्याच्याजवळची प्रत मागवली. त्यातही नव्हता. कागदावरचा बेस खोडून पाहिला. कागद फाटला, पण बेस काही परत आला नाही. शेवटी तिनं तो आठवून नव्या कागदावर लिहिला आणि फायलीच बिघडल्या असणार, अशी स्वतःची समजूत घातली. खरं सांगायचं तर तिला फारसं वाईटही वाटलं नव्हतं. बेस गेल्यामुळे धाकट्याचा आवाज जवळ आला होता. प्रत्येक ओळीआधी तो घेत असलेला श्वास ऐकू येत होता.

इथंच तिचं चुकलं. तिला लोभ सुटला.

बुधवारी तिनं गिटार उतरवली, गुरुवारी ड्रम. शुक्रवारी गाण्यात तो एकटा उरला. श्वास, गिळलेला आवंढा, ओठ उघडल्याचा बारीकसा आवाज. ताई स्पीकरला कान लावून रडली, अकरा महिन्यांत पहिल्यांदा पोटभर.

दुपारी तिनं ड्रमरला फोन केला.

"तुझे ड्रमही गेले रे त्याच्या गाण्यातून."

"त्या गाण्यात ड्रम कुठे होते, ताई? तो एकटाच गायला होता ना?"

थट्टा करणाऱ्यांतला तो पोरगा नव्हता. ताईनं आईला विचारलं.

"कसले ड्रम?" आई म्हणाली.

कागदावर जे उतरत होतं ते माणसांच्या आठवणीतूनही जात होतं. एक लिहिणारीच तेवढी सुटली होती. म्हणजे आवाज उतरवला तर आईला आपल्या लेकाचा आवाजही आठवणार नाही. तिनं पेन्सिल खणात टाकली आणि खणाला कुलूप लावलं.

पण साथ सुटलेला माणूस किती वेळ गाणार? रविवारी दुसऱ्या कडव्यात त्याचा सूर हलला. सोमवारी तो मध्येच थांबला, कुणी ठेका देईल याची वाट पाहत असल्यासारखा. मंगळवारी त्यानं स्पष्ट विचारलं, "कुठे गेले रे सगळे?"

ताई धावत पियानोवर बसली आणि त्याला साथ देऊ लागली. त्याला ती ऐकू गेली नाही.

गुरुवारी तो गायलाच नाही. नुसता श्वास चालू होता, भराभर, लहानपणी एकदा कपाटात अडकला होता तेव्हासारखा. चार मिनिटं संपता संपता तो बारीक आवाजात म्हणाला, "ताई, आहेस ना?"

"आहे रे राजा," ती म्हणाली. "आहे."

त्याची साथ करणारे सगळे कागदावर होते. तिनं कुलूप काढलं.

गाणं तिला पाठ होतं, ऐकावं लागलं नाही. एकेक ओळ कागदावर उतरत गेली. दोनदा पेन्सिलीचं टोक मोडलं. शेवटच्या सुरापाशी मात्र तिचा हात अडला. सगळाच दिला तर आईपाशी काय राहणार? एक सूर तरी राहू दे तिला. एवढ्याशानं त्याचं काय अडणार आहे, असा विचार करून तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि गाणं लावलं.

तेवढा सूर होता. लांब, स्वच्छ. धाकट्याचाच.

चार मिनिटं बारा सेकंद झाले.

तेरा. चौदा. पंधरा.

त्यानं श्वास घेतला नाही.

ताईनं लॅपटॉप बंद केला. सूर थांबला नाही. स्पीकरची वायर उपटली. तरीही नाही. खोलीच्या मधोमध तो तसाच ताणलेला होता, आणि आता थोडा थरथरायला लागला होता.

तिनं पेन्सिल उचलली.

तेवढ्यात आई दारात आली. पदराला हात पुसत ती जरा वेळ ऐकत राहिली.

"कोण गं हा?" आई म्हणाली. "त्याला म्हणावं, श्वास तरी घे. कुणाचं पोर आहे कोण जाणे."