मस्कतचे ड्रम

डावीकडचं दार उघडून तो जवळजवळ माझ्या मांडीवरच बसला.

"सॉरी... तिकडे स्टिअरिंग या बाजूला असतं," तो म्हणाला. कान लालबुंद झाले होते.

"हे नवघर आहे. ड्रायव्हर उजवीकडे."

चौऱ्याण्णव साल होतं. माझ्या बाबांचं मोटार ट्रेनिंग स्कूल होतं, सकाळची शिकवणी माझ्याकडे असायची. हा उदय. मस्कतला स्टोअरकीपर, महिन्याच्या सुट्टीवर आलेला. तिथल्या लायसन्सच्या परीक्षेत ड्रमच्या मधून गाडी रिव्हर्समध्ये घ्यावी लागते, ड्रमला धक्का लागला की नापास. दोनदा आपटला होता बिचारा. तिसऱ्यांदा आपटला तर कंपनी त्याला कायमचा घरी पाठवणार होती.

मी मिठागराजवळच्या मोकळ्या जागेत रिकामे ड्रम मांडले.

"नादिया म्हणते, मी क्लच लवकर सोडतो."

"कोण नादिया?"

"ऑफिसातली. रोज तिच्याच गाडीतून जातो-येतो मी. काय मस्त चालवते..."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"परत घ्या रिव्हर्स."

"आत्ता तर बरोबर घेतली!"

"परत."

नादियाचा गॉगल, नादियाचा परफ्यूम, नादियाने दिलेले खजूर... ऐकून ऐकून डोकं उठलं. ती दिसते कशी, हे विचारायची सोय नव्हती आणि विचारल्याशिवाय चैन पडत नव्हतं.

शेवटच्या सकाळी गाडी एकाही ड्रमला न शिवता आत गेली. तो हसून माझ्याकडे बघतच राहिला. मला मात्र रडू येत होतं.

"पास झालात की नादियाला पेढे द्या," मी म्हटलं.

"वैजयंता... रागावलात?"

"हो, रागावलेय. महिनाभर शिकवतेय मी आणि तोंडात नाव तिचं. नाही सहन होत मला."

त्याने गाडी बंद केली. स्टिअरिंगवर बोटं वाजवली.

"तिकडे मुद्दाम ड्रम उडवू? नापास झालो की परत इथेच."

हो म्हणावंसं वाटलं, अगदी जिभेवर आलं होतं.

"काही नको. पास व्हा. आणि तिच्या गाडीत पुन्हा बसलात तर बघा."

"नाही बसणार. पुढच्या सुट्टीत तुझ्या बाबांना भेटायला येतो... तुला मागणी घालायला."

पुढची सुट्टी वर्षाने. आणि तोवर ती तिथे रोज समोर.

"आजच चल," मी म्हटलं. "बाबा घरीच आहेत."