अलेप्पोचा सीका

उस्ता गमाल दुपारच्या नमाजाला गेले होते. कैरोतल्या त्यांच्या वाद्यांच्या दुकानात सुलाफ एकटीच सरस ढवळत बसली होती. तेवढ्यात पाठीवर कानून घेतलेला एक उंच, घामेजलेला तरुण आत आला.

"उस्ता कुठायत?"

"येतील एवढ्यात. काय झालं?"

"काय व्हायचंय! तीन आठवडे वाजवायला बसलो, की वाद्यवृंदातली सगळी मंडळी वळून माझ्याकडे बघतात." त्यानं ते बहुतारी वाद्य मांडीवर घेतलं, एक तार छेडली. "हा सीका… चढा आहे."

त्या सुराची उंची ठरवणारी, तारेखालची पितळी खिट्टी सुलाफनंच बसवली होती. माप न घेता, कानानं.

"चढा नाहीये," ती म्हणाली. "तुमचा कैरोचाच उतरलेला आहे."

"वा! म्हणजे अख्खं शहर बेसूर?"

"मी कुठं म्हटलं? तुम्हीच म्हणालात."

त्याला हसू आलं, ते त्यानं दाबलं — आणि तिनं ते पाहिलं.

त्याचं नाव रिफअत. वाद्यवृंदातल्या कायमच्या जागेसाठी गुरुवारी परीक्षा होती. चूक आपली आहे, हे सुलाफला कळत होतं. अलेप्पोत सीका केसभर वर लागतो. तिचे बाबा तिथे कानून बनवायचे. लढाईत दुकान गेलं, मग बाबाही गेले. उरला होता तो तिच्या कानातला एवढा एक सूर.

तिन्ही सप्तकांतल्या खिट्ट्या उकरून पुन्हा बसवायच्या होत्या. सरस वाळायला दिवस जाई, म्हणून रिफअत रोज येई. येताना कागदात ताअमियाचे गरम वडे आणी.

"अजून खाली… अजून जरा…"

"आता विहिरीतच उतरवू का?"

"उतरवा. मी वरून दोर धरतो."

ती मान खाली घालून खिट्टी घाशी.

बुधवारी काम संपलं. रिफअतनं तार छेडली. सूर चोख होता, अगदी कैरोचा. सुलाफनं हत्यारं गोळा करताना सवयीनं बाबांची एक धून गुणगुणायला घेतली आणि मध्येच थांबली. पुन्हा सुरू केली, पुन्हा थांबली.

"काय झालं?"

"लागत नाहीये." तिनं कानस उचलली. "बाबांचा सीका… तीन दिवस खाली खाली करत बसले, आणि माझ्याच गळ्यातून गेला. आता कुणाला विचारू? तिथं कुणी उरलं नाही हो…"

रिफअतनं डोळे मिटले आणि हलक्या आवाजात एकच सूर लावला. केसभर चढा. डगमगला नाही.

सुलाफच्या हातातली कानस तशीच राहिली. तोच होता. बाबा खिट्टी बसवून झाल्यावर लावायचे, तोच.

"तुम्हाला… कसा?"

"तीन आठवडे त्याच्यावर चिडत होतो. माणूस ज्याच्यावर चिडतो, ते विसरत नाही." तो जरा घुटमळला. "आणि गेले तीन दिवस चिडतही नव्हतो. मुद्दाम लक्षात ठेवत होतो."

बाहेर पायऱ्यांवर उस्तांची चाहूल लागली. सुलाफनं घाईनं डोळे पुसले.

"उद्या परीक्षेत हा लावू नका म्हणजे झालं," ती म्हणाली.

"नाही लावणार. तो कुणाला ऐकवायचा, ते ठरलंय. रोज ऐकवला… तर चालेल?"

तिनं मान वर केली आणि पहिल्यांदाच सरळ त्याच्याकडे पाहिलं.

"आधी आत्ता लाव," ती म्हणाली. "पुन्हा एकदा."